लिसूतला ‘थ’ टाइप करताना

चीनचा युनान प्रांत आणि म्यानमारमधल्या लिसू लोकांच्या लिपीत ‘त’ दिसतो थेट रोमन कॅपिटल टीसारखा. तोच उलटा केला की ‘थ’. मी सुरुवातीला गणितातलं लंबाचं चिन्ह उचलून चिकटवत होते. दिसायला हुबेहूब, पण शोधायला गेलं की शब्द सापडेना! तुम्ही तसं करू नका. युनिकोड, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी प्रमाण पद्धत. तिच्या ५.२ आवृत्तीत, २००९ साली, या लिपीला ए४डी० ते ए४एफएफ अशा ४८ जागा मिळाल्या. ‘थ’ आहे ए४डी५ वर. वर्डमध्ये हा संकेतांक रोमन अक्षर-अंकांत लिहा आणि लगेच ऑल्ट-एक्स दाबा. चौकोन उमटला तर नोटो सान्स लिसू फॉन्ट टाका. आणि ‘त’साठीही कीबोर्डवरचा टी नको, ए४डी४ च घ्या.