‘किती दमलात?’चं खरं उत्तर: आरपीई लिहिताना या चुका टाळा

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी एक वही ठेवायला सांगतो. पळून आल्यावर त्यात तीनच गोष्टी लिहायच्या. किती मिनिटं पळालात, कुठं पळालात, आणि 0 ते 10 मध्ये किती दमलात. पहिल्या दोन सगळे बिनचूक लिहितात. घोळ होतो तो तिसऱ्या आकड्यात, कारण तो बहुतेक वेळा शरीराला विचारून लिहिलेलाच नसतो. तो घड्याळाकडे बघून, शेजाऱ्याकडे बघून, नाहीतर कोचला बरं वाटावं म्हणून लिहिलेला असतो.

या आकड्याला आरपीई (रेटिंग ऑफ पर्सीव्ह्ड एक्झर्शन, म्हणजे स्वतःला जाणवलेल्या श्रमाचा आकडा) म्हणतात. ही पद्धत बसवली स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी. त्यांची मूळ पट्टी 6 ते 20 होती. निरोगी तरुण माणसाच्या आकड्याला 10 नं गुणलं की हृदयाचे मिनिटाचे ठोके साधारण कळावेत, असा त्यामागचा हिशेब. पुढे त्यांनीच 10 आकड्यांची पट्टी आणली. तिच्यावरून आलेली सोपी पट्टी आपण वापरतो: 2 सोपं, 3 मध्यम, 5 अवघड, 7 खूप अवघड, 10 म्हणजे याच्यापुढे शक्यच नव्हतं. एकच पट्टी धरा. जिममध्ये वजनं उचलताना 8 म्हणजे ‘अजून दोन रेप्स निघाल्या असत्या’, म्हणजे वजन आणखी दोनदा उचलता आलं असतं, असा अर्थ घेतात. तो 8 आणि पळण्यातला 8 एकाच रकान्यात लिहिले, तर महिन्याभराची वही वाया जाते.

‘पेस तर रोजचाच होता, मग 3 च लिहितो’

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात नुकसान करणारी चूक हीच. जानेवारीच्या पहाटे किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा पेस 3 वाटतो. तोच पेस ऑक्टोबरच्या उकाड्यात, मुंबईच्या दमट हवेत 5 वाटू शकतो. घाम वाळत नाही, अंग तापतं, ते थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि हृदयाला जास्त धावपळ करावी लागते. म्हणजे 5 हा आकडा चुकलेला नाही, त्या दिवशी शरीराला तेवढं काम खरंच पडलंय. अपुरी झोप, उपास, ऑफिसातला ताण, नुकताच येऊन गेलेला ताप, हे सगळं त्या एका आकड्यात उतरतं. पेस घड्याळ सांगतंच. आकडा पेसशी जुळवून घेतलात, तर घड्याळाला जे कळत नाही तेच तुम्ही खोडून टाकता.

आकडा जुळवण्यापेक्षा पेस सोडा. सोप्या पळण्याच्या दिवशी ‘3 च्या वर जायचं नाही’ एवढंच ठरवून निघा, भले साडेसातचा पेस पडो.

सगळ्यांदेखत आकडा विचारणं

ही चूक मी स्वतः बरीच वर्षं केली. स्ट्रेचिंग करताना गोल उभं करून एकेकाला विचारायचो. पहिला तगडा पोरगा ‘4’ म्हणाला की पुढचे सगळे 4 म्हणायचे, घाटात चालत आलेलेसुद्धा. आता प्रत्येकानं घरी गेल्यावर मला एकट्याला मेसेज करायचा. तेव्हापासून 7 आणि 8 दिसायला लागले.

घरी गेल्यावर, याला आणखी एक कारण आहे. शेवटचे 400 मीटर जोरात मारले की त्या क्षणी सगळं पळणंच 8 वाटतं. अर्ध्या तासानं दम उतरतो आणि पूर्ण तासाचा अंदाज येतो. कार्ल फॉस्टर या अमेरिकन संशोधकांनी ही पद्धत प्रशिक्षणासाठी वापरात आणली, तेव्हा साधारण 30 मिनिटांनीच विचारायचं ठरवलं होतं. कोच ज्या दिवशी हलकं करायला सांगतात त्या दिवशी खेळाडू जास्त जोर लावतात आणि अवघड दिवशी कमी पडतात, हेही त्यांच्या गटाला आढळलं. आपल्या ग्रुपमध्ये याहून वेगळं काही घडत नाही.

सगळेच दिवस 4 किंवा 5

पट्टीची टोकं स्वतःच्या अनुभवाला बांधली नसली की असं होतं. खुर्चीत बसलात की 0. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड जीव तोडून चढलात आणि वर गेल्यावर उभंही राहवेना, तो 10. मधले आकडे बोलून तपासा. पळता पळता तेराचा पाढा म्हणा. सलग म्हणता आला तर 3 किंवा कमी. ‘तेरा पंचे पासष्ट’ला थांबून श्वास घ्यावा लागला तर 5 च्या आसपास. दोन शब्दांपुढे जाता येईना तर 7.

फक्त आठवड्याची बेरीज बघणं

मिनिटं गुणिले आकडा, हा त्या दिवसाचा भार. तासभर 3 नं पळालात तर 180. अर्धा तास 7 नं इंटर्व्हल (आलटून पालटून जोरात आणि हळू पळणं) केलेत तर 210, म्हणजे ‘आज थोडंच केलं’ हे खरं नाही. पण बेरीजही फसवते. एकाचा आठवडा 150, 250, 200, 100, 250, 150, 300. दुसऱ्याचा 0, 150, 350, 120, 300, 0, 480. दोघांची बेरीज 1400. फॉस्टर यांच्या रीतीनं रोजच्या सरासरीला प्रमाण विचलनानं, म्हणजे रोजचे आकडे सरासरीपासून किती इकडेतिकडे जातात त्याच्या मापानं, भागा (एक्सेल करून देतं). या भागाकाराला एकसुरीपणा म्हणतात. पहिल्याचा 2.8 येतो, दुसऱ्याचा 1.1. त्यानं बेरजेला गुणलं की ताण निघतो: 3,960 आणि 1,530. पहिल्याला विश्रांती कधीच मिळाली नाही. एकसुरीपणा 2 च्या वर गेला की मी त्या माणसाचा एक दिवस पूर्ण बंद करतो.

आकडा चढतच चाललाय

तोच रस्ता, तशीच हवा, तोच 45 मिनिटांचा सोपा रन, आणि आकडा 3 वरून 5 वर आला. एक दिवस असं झालं तर सोडून द्या. आठवडाभर टिकलं तर पळणं निम्मं करा आणि झोप वाढवा. तरी उतरला नाही तर डॉक्टरांना भेटा, हिमोग्लोबिन बघून घ्या. बीटा ब्लॉकरसारखी गोळी चालू असेल तर ठोके दबलेले राहतात आणि घड्याळात ठोक्यांवरून दिसणारे झोन (किती जोर लागतोय त्याचे टप्पे) चुकतात. अशांना आरपीईचा फार आधार होतो, पण किती आकड्यापर्यंत जायचं ते आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि छातीत दुखणं, चक्कर, डाव्या हाताला कळ, यांना आकडा द्यायचा नसतो. तिथल्या तिथे थांबायचं, सोबतच्याला सांगायचं आणि थेट दवाखान्यात जायचं.