घरी ॲल्युमिनियम जोडायचंय? आधी जाडी मोजा

लोक आधी वेल्डिंगची मशीन घेतात आणि मग उद्यमनगरात माझ्या शेडवर विचारायला येतात. उलटं करा. व्हर्नियर लावून जाडी मोजा, मशीनचं नंतर बघू.

लोखंड तापलं की लाल होतं, अंदाज येतो. ॲल्युमिनियम रंगच बदलत नाही. 660 अंशाला गपकन खाली बसतं. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र 2000 अंशांच्या पुढं गेल्याशिवाय वितळत नाही. आत पाणी झालेलं आणि वर कातडं तसंच. ते फोडायला एसी करंट लागतो. म्हणून टिग (टंगस्टनच्या टोकानं आर्क पाडून रॉड हातानं घालायचं वेल्डिंग) घेणार असाल तर पाटीवर ‘एसी/डीसी’ बघूनच घ्या. स्वस्तातली मशीन बहुतेक नुसती डीसी असते. तिच्यावर स्टेनलेसची ग्रील झकास होते, ॲल्युमिनियम नाही.

दीड ते चार मिली जाडीला एसी टिगच. मिलीला साधारण 40 अँपिअर धरा. गॅस शुद्ध आर्गॉन; लोखंडाच्या मिगचा (त्यात वायर गनमधून आपोआप येते) सीओटू इथं चालत नाही. पाच मिलीच्या पुढं लांब जोड असेल तर मिग, पण स्पूल गन, म्हणजे वायरचं रीळ गनवरच असलेली, लावून. साध्या गनमध्ये मऊ वायर रोलरपाशीच गुंता करते.

पंपाची बॉडी, इंजिनचं कव्हर असलं कास्टिंग असेल तर 4043 चा (सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा) रॉड घ्या. आमच्याकडं असली कामं सारखी येतात, आणि निम्मा वेळ मुरलेलं ऑइल काढण्यातच जातो. आधी ॲसिटोननं पुसायचं, ते उडून गेलं की मग स्टेनलेसच्या ब्रशनं घासायचं. क्रम उलटा झाला तर ऑइल आणखी आत जातं. लोखंडाला लावलेला ब्रश याला लावू नका. जुलैत तर पत्रा जरा गरम करून ओल घालवा, नाहीतर जोडात बारीक भोकं पडतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या, गॅसच्या टॉर्चवर वितळवायच्या काड्या? गळकं भोक बुजवायला ठीक, वजन पेलायला नाही.

शिडीला मात्र मी टाका मारत नाही, कुणी कितीही सांगू दे. शिडीचा 6063 (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) सेक्शन जोडाशेजारी तापून नरम पडतो. तिथं रिव्हेट किंवा नवी शिडी.

वर्षाकाठी एखादाच जोड असेल तर मशीन घेऊच नका. तुकडे कापून, कानस मारून, बेतून आणा. एम-सील लावलं असेल तर खरवडून काढा. तापलं की त्याचा धूर नाकात बसतो.