मांजराला किडनीचा विकार निघाल्यास उपचार कसे ठरवावेत

उतारवयातील मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार बराच आढळतो. तो पूर्ण बरा होत नाही, मात्र वेळीच लक्षात आल्यास मांजर पुष्कळदा काही वर्षे मजेत काढते. त्यामुळे अहवाल पाहून हातपाय गाळू नयेत आणि त्याच संध्याकाळी पिशवीभर औषधेही आणू नयेत.

प्रथम विकाराचा टप्पा नक्की करून घ्यावा. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ) प्रति डेसिलिटर १.६ ते २.८ मिलिग्रॅम असल्यास साधारणतः दुसरा टप्पा आणि ५ च्या वर गेल्यास चौथा टप्पा मानतात. परंतु दोन दिवस उपाशी राहून अंगातले पाणी कमी झालेल्या मांजराचा आकडा फुगलेला दिसतो, म्हणून सलाइनने प्रकृती स्थिरावल्यावर तपासणी पुन्हा करावी. लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब मोजण्याचा आग्रहही धरावा. दवाखान्यात रक्तदाब अनेकदा मोजलाच जात नाही आणि तो सतत १६० च्या वर राहिला, तर मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

उपचारांत सर्वांत मोलाचे असते ते पथ्य, म्हणजे फॉस्फरस कमी असलेला खास किडनीचा आहार. आपल्याकडे मांजर मांदेली आणि सुकटीवर वाढलेले असते. काट्यांसकट खाल्लेल्या मासळीतून फॉस्फरस भरपूर जातो, शिवाय सुकटीत मीठही असते. तरीही हे खाणे एका दिवसात बंद करू नये. जुन्या खाण्यात नवे थोडे थोडे मिसळत काही आठवड्यांत बदल करावा, आणि मळमळ असताना तर पथ्याची सुरुवातच करू नये, कारण मांजर त्या खाण्याचा कायमचा तिटकारा धरते. हट्टाने उपाशी ठेवल्यास दोन-तीन दिवसांत यकृतावर चरबी साचू लागते, तेव्हा पथ्य मोडले तरी चालेल, पण पोटात काहीतरी गेले पाहिजे.

त्वचेखाली सलाइन देणे घरी शिकता येते. बाटली कोमट पाण्यात ठेवून उंच खुंटीला टांगतात, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलतात आणि तिच्या बुडाशी सुई घालतात. चार किलोच्या मांजराला एका वेळी बहुधा १०० मिलीलिटर देतात. त्याचा फुगवटा पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. हृदयाचा आजार असल्यास मात्र हे जादा पाणी जिवावर बेतू शकते, म्हणून प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

आता खरा प्रश्न घराचा. औषधे, सलाइन आणि दर दोन-तीन महिन्यांच्या तपासण्या धरून महिन्याचा खर्च किती येईल, हे डॉक्टरांना संकोच न करता विचारावे. सलाइनची बाटली दिसताच मांजर पलंगाखाली दडून दिवसभर बाहेर येत नसेल, तर ते उपचार कमी करण्याविषयी बोलावे. चांगला डॉक्टर त्यात कमीपणा मानत नाही. घरातले पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नये, ते मांजराला विषासमान आहे.

मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग स्वतःचे वजन वजा करावे आणि दर आठवड्याला तो आकडा लिहून ठेवावा. खाणे, अंग चाटणे, माणसांजवळ येऊन बसणे यांपैकी काय सुटले की थांबायचे, हे मांजर बरे असतानाच घरच्यांनी मिळून ठरवावे आणि दयामरणासाठी डॉक्टर घरी येतील का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.