कणांवरच्या लेपाचं पेटंट: अर्जाआधीची तयारी

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या युनिटात टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याच्या कणांवर सिलिकाचा थर चढवायची नवी रीत साधली असेल, तर आधी ती बाहेर फुटू देऊ नका. रंगाच्या कंपनीला नमुना द्यायचाच असेल तर गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन द्या. प्रदर्शन, सेमिनार, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो हे सगळं अर्जानंतर. उघड झालेलं नवं धरलं जात नाही, आणि आपल्या कायद्यात आधी उघड केलेल्याला मिळणारी सवलत मोजक्याच प्रसंगांपुरती आहे.

मग शोध घ्या. एस्पासनेट आणि पेटंटस्कोप या जगभरच्या पेटंटांच्या ऑनलाइन साठ्यांवर सी०९सी १/३६ आणि सी०९सी ३/०६ हे पेटंट-वर्ग चाळा, भारतातले अर्ज इनपास या भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोध-साइटवर बघा. कणावर दाट सिलिका बसवण्याचं ड्यूपॉन्टचं अमेरिकी पेटंट १९५९ सालचं आहे. त्यामुळे 'सिलिकाचा लेप' एवढ्यावर दावा (अर्जात ज्यावर हक्क मागतो तो मजकूर) उभा राहणार नाही. आपलं नवेपण सामूत (पीएच) आहे, सिलिकेट (ज्यातून सिलिका बसते ते द्रावण) सोडण्याच्या वेगात आहे की आणखी कशात, ते एका वाक्यात लिहून काढा.

खरा वेळ द्या तो प्रयोगवहीला. दर बॅचची तारीख, कणांचा आकार, स्लरीतलं (पाण्यात कालवलेल्या कणांचं) प्रमाण, सामू, तापमान, आम्ल किती वेळात सोडलं, ढवळण्याचा वेग, धुणं, वाळवणं, सगळं त्याच दिवशी लिहा. दाव्यात ६० ते ९० अंश म्हणायचं असेल तर दोन्ही टोकांचे आणि मधले प्रयोग हवेत. बिनलेपाचे कण आणि जुन्या रीतीचे कण त्याच चाचणीत शेजारी ठेवा: अतिनील प्रकाशात कणांसोबतचा रंग किती फिकटतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात थर किती जाड आणि किती सलग दिसतो. कण गुठळले किंवा सिलिका वेगळीच साकळली त्या बॅचच्या नोंदीही फाडून टाकू नका. दाव्यातली मर्यादा तिथेच का, हे त्याच सांगतात.

प्रयोग अपुरे असतील तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून आधीची तारीख धरा, पण पूर्ण तपशील १२ महिन्यांच्या आत द्यावाच लागतो. नाशिकचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात. ते ऑनलाइन भरता येतात. छोट्या उद्योगाने फॉर्म २८ (लहान उद्योग असल्याचा फॉर्म) आणि उद्यम प्रमाणपत्र जोडावं, शुल्क बरंच उतरतं. पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा ही विनंती पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांत करायची असते.

शोधक कोण, हेही आत्ताच ठरवा. ऑपरेटरने सुचवलेला बदल दाव्यात येणार असेल तर फॉर्म १ मध्ये, म्हणजे मूळ अर्जातच, त्याचं नाव शोधक म्हणून आलंच पाहिजे. अर्ज कंपनीच्या नावाने करायचा असेल तर हक्क सोपवल्याची त्याची सहीही घेऊन ठेवा.