गाऱ्हाणं घाला, पण या चुका टाळा

'होय महाराजा' म्हणत देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं, नमन या लोकनाट्यातली सोंगं, शिमग्यातला संकासुर... सडा (कातळाचं पठार), खाडी आणि देवराई वाचवा असं सरकारला बजावायला कोकणात इतकं सगळं घरचंच आहे. तरी कितीतरी चांगले कार्यक्रम टाळ्या घेतात आणि तिथेच विरतात.

त्याचं मुख्य कारण म्हणजे मोघम मागणी. 'निसर्ग वाचवा' म्हटलं की साहेबही मान डोलावतात, आणि फाइल होती तिथेच राहते. गाऱ्हाण्यातच गावाचं नाव, गट नंबर आणि नेमकं काय हवं ते येऊ द्या. उदाहरणार्थ, 'आमचं गाव पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात घ्या.' तोच मजकूर ग्रामसभेच्या ठरावात लिहून तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

दुसरी चूक वेळेची. पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा त्यानंतर पुन्हा पुन्हा निघाला, ३१ जुलै २०२४ लाही. हरकतींसाठी मुदत फक्त ६० दिवसांची. भातलावणी, गणपती सगळं त्याच दिवसांत. म्हणून आधी हरकती पाठवा, मग नाटक बसवा.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते, तेव्हा तर हे फारच जपायला हवं. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस निघते. लोक मांडवाबाहेर ढोल वाजवतात, आणि आत बोलायला कोणी नसतं! बाहेरचा ढोल इतिवृत्तात उमटत नाही. मच्छीमार बायकांनी, बागायतदारांनी आत जाऊन बोलावं, लेखी निवेदन द्यावं, आणि शेवटी कार्यवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवायला लावावा. तो त्यांचा हक्क आहे.

वाळूशिल्प करणार असाल तर जागा पाहून करा. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाकडे वळतात, त्यामुळे रात्रीच्या मशाली आणि फोकस तिथे नकोतच. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तशा कातळावर रंगाने घोषणा लिहिणं मला अक्षम्य वाटतं.

आणि गावाला वगळून काही करू नका. मुंबईहून आलेल्या मुलांनी मानकऱ्यांना न विचारता पालखीच्या वाटेवर पथनाट्य केलं, तर चर्चा मानापमानाचीच होते. पोलीस परवानगी, जमावबंदीचा आदेश आहे का, हेही आधी पाहा.

निवेदनाला उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात त्यावर काय कार्यवाही झाली ते विचारा. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) पुण्यातल्या खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. ते दिवस मोजायला गावातलं एक माणूस आधीच नेमा, आणि त्याला सोंगातलं काम देऊ नका.