मल्टिपोर्ट सिरियल कार्डचा आयआरक्यू लावताना हे बघा

आयआरक्यू म्हणजे कार्ड ज्या लाइनवरून प्रोसेसरला इंटरप्ट (लक्ष द्या असा इशारा) पाठवतं तिचा नंबर. जुनं आयएसए स्लॉटचं (जुन्या पीसीतला कार्ड खोचायचा स्लॉट) चार किंवा आठ सिरियल पोर्टवालं कार्ड लावताय तर आधी जंपर (आयआरक्यू ठरवणारी कार्डावरची छोटी पिन-टोपी) बघा, कारण पीसीच्या सिरियल पोर्टांपैकी कॉम१ आणि कॉम३ दोघं आयआरक्यू ४ वर असतात, कॉम२ नि कॉम४ आयआरक्यू ३ वर, म्हणजे मदरबोर्डचे पोर्ट चालू असले तर ते दोन्ही आयआरक्यू गेलेच समजा. आयएसएमध्ये दोन वेगळ्या कार्डांना एकच आयआरक्यू देऊ नका, इंटरप्ट हरवतात. एकाच कार्डावरचे सगळे पोर्ट मात्र एका आयआरक्यूवर चालतात, पण कार्डात तशी सोय असेल तरच, मॅन्युअल बघून घ्या. आयआरक्यू ५ बहुतेक वेळा मोकळा मिळतो, साउंड कार्ड नसेल तर. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तो आयएसएसाठी राखून ठेवा, नाहीतर पीसीआयवाले (नंतरच्या प्रकारच्या स्लॉटमधली कार्डं) पळवतात.

लिनक्सवर सेटसिरियल (setserial) ही कमांड फक्त कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगते की आयआरक्यू कुठला, कार्डावरचा जंपर तिने बदलत नाही, दोन्हीकडे एकच आकडा हवा! अक्षरं काही सेकंद थांबून एकदम भसाभस येतायत? मग आयआरक्यूच चुकलाय, केबल बदलत बसू नका. खात्री करायची तर पोर्टवर डेटा चालू ठेवून प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल (/proc/interrupts) परत परत उघडा, तुमच्या आयआरक्यूच्या ओळीतला आकडा वाढलाच पाहिजे.