‘प्रभू म्हणतो’ असे म्हणण्यापूर्वी

चर्चच्या पाळकाच्या (धर्मगुरूच्या) मताशी मंडळीतला, म्हणजे तिथल्या भाविकांपैकी एखादा माणूस वाद घालू शकतो. पण ‘प्रभूने मला असे सांगितले आहे’ हे वाक्य व्यासपीठावरून आले की त्याच्यापुढे मान तुकवणे किंवा मंडळी सोडून जाणे एवढेच मार्ग उरतात. म्हणून देवाच्या नावाने बोलणाऱ्याने प्रामाणिकपणाची काळजी सर्वांत आधी या एका वाक्याबाबत घ्यावी. पुढील सूचना रविवारच्या उपासनेत उपदेश करणारे पाळक, संजीवन सभांतील (श्रद्धा जागवण्यासाठी भरणाऱ्या सभांतील) वक्ते आणि घरोघरी प्रार्थनेला जाणारे सेवक अशा सर्वांसाठी आहेत.

उपदेशाची तयारी करताना टिपणांत तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात: बायबलच्या वचनात प्रत्यक्ष काय लिहिले आहे, त्यावरून आपण काय अर्थ काढला आहे, आणि केवळ आपल्याला काय वाटते. बोलतानाही हा फरक ऐकणाऱ्याला जाणवला पाहिजे. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहाविषयी लिहिताना प्रेषित पौल एका ठिकाणी ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची आहे असे म्हणतो. लगेच पुढे हे मी सांगतो, प्रभू नव्हे, असे स्पष्ट करतो. आणि कुमारिकांचा विषय निघतो तेव्हा मला प्रभूची आज्ञा मिळालेली नाही, मी आपले मत देतो, असे कबूल करतो. प्रेषिताला यात कमीपणा वाटला नाही, तर ‘हे माझे मत आहे’ म्हणताना आपल्याला संकोच का वाटावा, हे मला आजवर उमगलेले नाही. दुसऱ्याचा उपदेश यूट्यूबवरून घेतला असेल तर तेही सांगून टाकावे; एकमेकांची वचने चोरणाऱ्या संदेष्ट्यांवर बायबलमधील संदेष्टा यिर्मया याने कोरडे ओढले आहेतच.

सांगण्यासारखे काही मिळाले नसेल तर गप्प बसण्याची तयारी हवी. यिर्मयाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाचे जू मोडेल. यिर्मया ‘आमेन, परमेश्वर तसे करो’ म्हणतो, शांतीचा संदेश खरा होता की नाही हे तो घडून आल्यावरच कळेल याची आठवण देतो, आणि बाबेलच्या दास्याची खूण म्हणून त्याने मानेवर घातलेले जू हनन्याने काढून मोडल्यावर मुकाट्याने निघून जातो. उत्तरादाखल द्यायचे वचन त्याला नंतर मिळते आणि तेव्हाच तो बोलतो. सभेत संगीत टिपेला पोहोचलेले असताना आणि लोक काहीतरी ऐकायला आतुर झालेले असताना असे निघून जाणे फार अवघड असते. बहुतेक खोटे संदेश मुद्दाम रचलेले नसतात, ते याच दडपणाखाली तोंडातून निघतात, असे माझे मत आहे.

काही मात्र मुद्दाम रचलेले असतात. आरोग्यदानाच्या सभा घेणारा अमेरिकी उपदेशक पीटर पॉपऑफ अनोळखी लोकांची नावे, पत्ते आणि आजार अचूक सांगत असे. १९८६ साली जादूगार जेम्स रँडी यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने रेडिओ संदेश पकडून उघडकीस आणले की, लोकांनी आधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरील माहिती पॉपऑफची पत्नी त्याच्या कानातील यंत्रात सांगत होती. आज असे यंत्रही लागत नाही. प्रार्थना गटातील व्हॉट्सॲप संदेश आणि फेसबुक पुरेसे आहेत. एखाद्याच्या घरची अडचण आपल्या कानावर आधीच आली असेल, तर ‘तुमच्या भावाकडून मला हे कळले’ असे सांगूनच त्याच्यासाठी प्रार्थना करावी. माहिती असणे हा दोष नाही, ती स्वर्गातून आली असे भासवणे हा आहे.

प्रार्थनेने आजार बरा झाल्याच्या साक्षींना घाई करू नये. रुग्णाची संमती घ्यावी, डॉक्टरांचे कागद पाहावेत, काही आठवडे जाऊ द्यावेत, आणि औषध बंद करा असे कोणालाही, कोणत्याही आवेशात सांगू नये. महाराष्ट्रात तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व पैसे मिळवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो क्रूस गळ्यात घातलेल्यालाही लागू आहे.

लग्न, शस्त्रक्रिया, नोकरी, जमिनीची विक्री यांविषयी एकट्यादुकट्याला ‘देवाचा संदेश’ कधीही देऊ नये. संदेष्टे बोलल्यावर इतरांनी त्याची पारख करावी असे पौलच सांगतो, म्हणून मंडळीतील निदान दोन ज्येष्ठांच्या समोर बोलावे आणि त्यांना नाही म्हणण्याची मुभा असावी. पैशाबाबत आद्य मंडळ्यांचा नियम अधिक कडक होता: आत्म्याने प्रेरित होऊन स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नका, असे डिडाखे या प्राचीन नियमपुस्तिकेत म्हटले आहे. गरजूंसाठी मागणाऱ्याला मात्र ती दोष देत नाही. तेव्हा ‘प्रभू सांगतो, अर्पण द्या’ ही भाषा स्वतःच्या गाडीसाठी वापरू नये, आणि अर्पणाची मोजणी पाळकाच्या घरच्यांनी करू नये.

एवढे करूनही बोललेले चुकले तर काय करावे, यासाठी बायबलमधील संदेष्टा नाथान याचे उदाहरण उपयोगी आहे. मंदिर बांधण्याची इच्छा दावीद राजाने सांगितली तेव्हा, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे, मनात असेल ते कर, असे नाथान देवाला न विचारता बोलून गेला. त्याच रात्री उलट वचन मिळाले आणि ते त्याने राजाला जसेच्या तसे जाऊन सांगितले. याउलट, अमेरिकी रेडिओ-उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही जगाच्या अंतिम न्यायाची तारीख जाहीर केली होती. ती टळल्यावर ऑक्टोबरची तारीख पुढे केली, आणि आपण चुकलो हे लेखी मान्य केले ते मार्च २०१२ मध्ये. तोवर काही अनुयायांनी आपली पुंजी जाहिरातींवर खर्च केलेली होती. म्हणून दुरुस्ती पहिल्याच संधीला, ज्या व्यासपीठावरून संदेश दिला त्याच व्यासपीठावरून, ‘तुमचा विश्वास कमी पडला’ अशी पळवाट न काढता करावी. जुना व्हिडिओ तसाच फिरत ठेवू नये, आणि त्या शब्दावर विसंबून ज्यांनी पैसे दिले असतील त्यांना ते परत द्यावेत.